ऑपरेशन झालं, नजर आली का?



गेल्या हंगामातली गोष्ट आहे. कांद्याची लागण होऊन महिनाही झाला नव्हता. भामा नदीच्या काठच्या एका गावातून निरोप आला : "साहेब, तणनाशकात भेसळ आहे. कांद्याची पात भाजून गेली. येऊन पंचनामा करा." गेलो. अर्ध्या एकराच्या तुकड्यात पातीचे शेंडे पांढरे पडलेले. शेतकरी सत्तरीच्या घरातले, गाव त्यांना अण्णा म्हणतं. चाळीस वर्षं कांदा पिकवलेला माणूस. माझाही पहिला संशय औषधावरच गेला. पण त्याच दुकानातून, त्याच लॉटची बाटली शेजाऱ्यांनी नेली होती आणि त्यांच्या कांद्याला काहीच झालं नव्हतं.

म्हटलं, "अण्णा, औषध कसं मोजलंत, जरा दाखवा." अण्णांनी मापाचं झाकण घेतलं. आधी लांब धरलं, मग जवळ आणलं, एक डोळा मिटला आणि ओतलं. जवळजवळ दुप्पट. मी विचारलं, "रेघ कुठली धरलीत?" ते म्हणाले, "हितं दोन-दोन रेघा दिसत्यात साहेब. वरची धरली."

घरी बसल्यावर उलगडा झाला. अडीच महिन्यांपूर्वी अण्णांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मोफत शिबिरात झालं होतं. आत लेन्सही बसवली होती. कागद देवळीत प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट जपून ठेवलेले. त्यातल्या शेवटच्या चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलं होतं : "सहा आठवड्यांनी नंबर तपासणीसाठी येणे." कोणी गेलंच नव्हतं. मुलगा चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटावर, तीन पाळ्यांत. एक दिवस गेला की एक खाडा. आणि गावात कोणी तरी सांगून ठेवलेलं, "लेन्स टाकली म्हणजे चष्मा कायमचा सुटला." दिसत नाही म्हणावं तर ऑपरेशन वाया गेलं असं होतं, म्हणून अण्णा गप्प बसले. आळीतल्या लोकांनी मात्र निकाल देऊन टाकला : "लेन्स बाद निघाली."

पुढच्या आठवड्यात अण्णांना घेऊन मुलगा रजा टाकून गेला. डॉक्टरांनी तपासलं. लेन्स जागेवर, मागचा पडदा चांगला. चष्म्याशिवाय नजर ६/२४, म्हणजे निरोगी डोळ्याला चोवीस मीटरवरून वाचता येणारं अक्षर अण्णांना सहा मीटरवर यावं लागत होतं. चष्म्याने तीच नजर ६/९ झाली. साधा नंबर जवळपास शून्य, सिलिंडरचा नंबर उणे सव्वादोन. इतकंच. त्या सव्वादोन नंबरापायी अर्धा एकर कांदा भाजला आणि एका चांगल्या ऑपरेशनचं गावात नाव खराब झालं.

शेतीच्या पानावर डोळ्याचा विषय कशाला, असं कोणी म्हणेल. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं, फवारणीचं माप, स्टार्टरचं बटण, विहिरीची पायरी, खरेदीखताचा कागद आणि तळेगाव-चाकण रस्त्यावर अंगावर येणारा कंटेनर, हे सगळं डोळ्यानेच पाहायचं असतं. म्हणून हा विषय शेतीचाच आहे.

नंबर राहतो तो का?

डोळ्याच्या पुढच्या बाजूला, बुबुळावर, काचेसारखा स्वच्छ घुमट असतो. त्याच्या मागे आपलं नैसर्गिक भिंग असतं. दोघं मिळून प्रकाश गोळा करतात आणि मागच्या पडद्यावर एका ठिकाणी आणून सोडतात. वयाने ते भिंग गढूळ झालं की त्याला मोतीबिंदू म्हणतात. ऑपरेशनमध्ये गढूळ भिंग काढतात आणि त्याच्या पातळ पिशवीत कृत्रिम भिंग, म्हणजे लेन्स, बसवतात. गढूळपणा गेला, उजेड आत आला. पण प्रकाश नेमका एका ठिकाणी पडतोय की नाही, हा वेगळा प्रश्न आहे.

पुढचा घुमट चेंडूसारखा सगळीकडून सारखा गोल असेल तर प्रकाश एका बिंदूत येतो. तो अंड्यासारखा, एका दिशेने जास्त आणि दुसऱ्या दिशेने कमी गोल असेल तर येत नाही. आपल्या वाफ्याचंच उदाहरण घ्या. वाफा एका अंगाने सपाट आणि दुसऱ्या अंगाने उताराचा असला, तर पाणी सारखं बसत नाही. कुठे तुंबतं, कुठे कोरडं राहतं. डोळ्यात प्रकाशाचं तसंच होतं. वैद्यकीय पुस्तकात याला दृष्टिवैषम्य म्हणतात, चष्म्याच्या दुकानात सिलिंडरचा नंबर म्हणतात. अशा माणसाला सगळंच धूसर दिसतं असं नाही. एका दिशेच्या रेघा ठळक आणि दुसऱ्या दिशेच्या फिसकटलेल्या दिसतात. अण्णांना लांबच्या विजेच्या तारा बऱ्या दिसत आणि खांब पसरट दिसे. जवळ मात्र उलट, झाकणावरच्या आडव्या रेघाच विस्कटत.

हा नंबर ऑपरेशननंतर येतो किंवा उरतो, त्याची कारणं साधी आहेत.

पहिलं कारण म्हणजे डोळ्याला दिलेला छेद. शिबिरात बहुधा बिनटाक्याचं लहान छेदाचं ऑपरेशन होतं. त्यात छेद सहा-सात मिलिमीटरचा असतो. फेको नावाच्या मशीनच्या ऑपरेशनमध्ये तो तीन मिलिमीटरपेक्षाही लहान असतो. छेद भरून येताना त्या बाजूचा घुमट थोडा सैल, थोडा सपाट होतो. छेद वरच्या अंगाला असेल तर उभ्या दिशेची गोलाई कमी होते आणि सिलिंडरचा नंबर तयार होतो. पूर्वी दहा-बारा मिलिमीटरचा छेद घेऊन टाके घालत. तेव्हा टाका घट्ट बसला की उलट्या दिशेचा नंबर येई आणि टाका काढल्यावर तो कमी होई. आजही एखाद्याला टाका घालावा लागतो. छेद लहान तर हा नंबर कमी, एवढं लक्षात ठेवा. पण बिनटाक्याच्या ऑपरेशननेही, नंतर चष्मा घेतला तर, नजर उत्तम येते.

दुसरं कारण, नंबर आधीपासूनच होता. मोतीबिंदूच्या गढूळपणात तो झाकला गेला होता, गढूळपणा गेल्यावर उघडा पडला. साधी लेन्स हा नंबर काढत नाही, कारण दोष पुढच्या घुमटात आहे. सिलिंडर असलेली टॉरिक लेन्स मिळते, पण ती महाग असते आणि नेमक्या कोनात बसवावी लागते. ती एक अंश फिरली तरी तिचा सुमारे तीन टक्के गुण जातो. तीस अंश फिरली तर उपयोग जवळजवळ शून्य.

तिसरं कारण मोजमापाचं. कुठल्या ताकदीची लेन्स बसवायची हे ऑपरेशनच्या आधी डोळ्याची लांबी आणि घुमटाची गोलाई मोजून ठरवतात. लांबीच्या मापात एक मिलिमीटरचा फरक पडला तर चष्म्याच्या नंबरात अडीच ते तीनचा फरक पडतो. म्हणून ते माप घेताना डोळा हलवू नका, घाई करू नका, आणि डोळ्याला पूर्वी मार लागला असेल तर तो लपवू नका.

चौथी गोष्ट म्हणजे जवळचं दिसणं. हा दोष नाही. साधी लेन्स एकाच अंतराला धरून बसवलेली असते, बहुधा लांबच्या. वाचायला, निवडायला-टिपायला, सुईत दोरा ओवायला चष्मा लागणारच. "चष्मा लागणार नाही" असं कोणी सांगत असेल, तर "लांबचा की जवळचा?" हे तिथल्या तिथे विचारा.

लेन्सच्या इतिहासातच याचा दाखला आहे. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या काचा फुटून वैमानिकांच्या डोळ्यात प्लॅस्टिकचे तुकडे रुतले. त्या तुकड्यांना डोळा फारसा बिथरत नाही, हे लंडनच्या हॅरोल्ड रिडले या डॉक्टरांच्या लक्षात आलं. त्यावरून १९४९ साली त्यांनी जगातली पहिली लेन्स डोळ्यात बसवली. लेन्स टिकली, पण ताकदीचा हिशेब चुकला. त्या पहिल्या रुग्ण बाईंना सुमारे उणे १८ चा नंबर आणि वर ६ चा सिलिंडर आला. म्हणजे लेन्सनंतरचा नंबर हा लेन्सइतकाच जुना आहे. अण्णांचा सव्वादोन त्यापुढे काहीच नाही.

आपल्याकडेही जुन्या लोकांना आठवत असेल, पूर्वी मोतीबिंदू काढल्यावर सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा मिळायचा. तो हरवला की माणूस पुन्हा आंधळा. १९९२ साली मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या ऑरोलॅबने स्वस्त लेन्स देशातच बनवायला सुरुवात केली. १९९४ पासून जागतिक बँकेच्या मदतीचा मोतीबिंदू प्रकल्प सात राज्यांत चालला, त्यात महाराष्ट्र होता. डॉ. तात्याराव लहाने यांच्यासारख्या डॉक्टरांनी आनंदवनापर्यंत जाऊन शिबिरं केली. गरिबाच्या डोळ्यात लेन्स आली ती या सगळ्यांच्या कष्टाने. ती आली म्हणून जाड चष्मा गेला. पण पातळ चष्म्याची गरज पुष्कळांना राहिली, आणि ती गोष्ट गावापर्यंत नीट पोचली नाही.

सहा आठवडे कशासाठी?

छेद भरून यायला आणि घुमटाचा आकार स्थिर व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी चष्मा केला तर नंबर बदलतो आणि पैसे वाया जातात. फार उशीर केला तर माणूस धूसर दिसण्याला सरावतो आणि तपासणीला जाणं टळतं ते टळतंच. म्हणून ती चिठ्ठीवरची तारीख महत्त्वाची. ऑपरेशन म्हणजे लागण, आणि सहा आठवड्यांची तपासणी म्हणजे काढणी. लागण करून काढणीला शेतात न जाणारा शेतकरी आपण पाहिला आहे का?

या सहा आठवड्यांत थेंब वेळेवर घालायचे. डोळा चोळायचा नाही. मळणीची धूळ, उसाचं पाचट, भुसा, फवारणी, जनावराच्या शेपटीचा फटका यांपासून जपायचं. डोक्यावरून अंघोळ आणि नदीत बुडी डॉक्टर सांगेपर्यंत नको. आळंदी जवळ आहे, एकादशी आली की मन इंद्रायणीकडे धावतं. पण त्या पाण्याची आजची अवस्था आपण जाणतो. माउलींचं दर्शन घ्या, डोळ्याला पाणी लावू नका.

ऑपरेशन थंडीतच करायचं ही जुनी समजूत आता धरायची गरज नाही. मोतीबिंदू पिकू द्यायचा, हीदेखील जुनीच गोष्ट. फार पिकलेला मोतीबिंदू कडक होतो, छेद मोठा घ्यावा लागतो, कधी डोळ्याचा दाब वाढून कायमचं नुकसान होतं. त्याऐवजी आपलं पीक-पाण्याचं वेळापत्रक बघा. कांदा काढणी, खरिपाची पेरणी, भात लावणी यांच्या तोंडावर ऑपरेशन ठेवू नका. सहा आठवडे धुळीबाहेर राहता येईल असा काळ निवडा आणि डॉक्टरांना तसं सांगा.

धूसर दिसणं सगळंच चष्म्याचं नसतं

हे नीट लक्षात ठेवा, कारण इथे चूक झाली तर डोळा जातो.

पहिले एक-दोन दिवस थोडं धूसर दिसणं, पाणी येणं, उजेड निळसर वाटणं हे चालतं. पण ऑपरेशननंतरच्या दिवसांत डोळा दुखू लागला, लाली वाढली, घाण येऊ लागली आणि आलेली नजर कमी होऊ लागली, तर तो डोळ्यात जंतू शिरल्याचा इशारा असू शकतो. त्या वेळी सकाळची वाट पाहू नका. मेडिकलमधून थेंब आणून घालू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, जिथे ऑपरेशन झालं तिथे किंवा मोठ्या रुग्णालयात जा.

डोळ्यासमोर विजा चमकल्यासारखं होणं, एकदम काळे ठिपके तरंगणं, एका बाजूने पडदा ओढल्यासारखं होणं, हा मागचा पडदा सुटण्याचा इशारा असतो. इथेही त्याच दिवशी जायचं.

महिना-दीड महिन्याने नजर पुन्हा मंदावली, सरळ रेघ वाकडी दिसू लागली, तर मागच्या पडद्याला सूज असू शकते. मधुमेह असलेल्यांनी हे जास्त जपावं. त्यांच्या पडद्याची तपासणी ऑपरेशनआधी आणि नंतरही व्हायला हवी.

काही महिन्यांनी, वर्षांनी दुधाळ दिसू लागलं तर लोक म्हणतात, "मोतीबिंदू परत आला." तो परत येत नाही. लेन्स ज्या पिशवीत बसवली तिच्या मागच्या भिंतीवर जाळी धरते. लेसरने, चाकू न लावता, काही मिनिटांत ती साफ करतात.

घरी एक सोपी परीक्षा करता येते. लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्या आणि दाभणाच्या टोकाने त्याला एक मिलिमीटरचं स्वच्छ भोक पाडा. दुसरा डोळा हाताने झाका आणि ऑपरेशन झालेल्या डोळ्याने त्या भोकातून समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघा. अक्षरं आधीपेक्षा स्पष्ट झाली, तर बहुधा काम चष्म्याचं आहे. काहीच फरक पडला नाही, तर दोष आत असू शकतो, तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. ही परीक्षा डॉक्टरांच्या तपासणीची जागा घेत नाही. कोणत्या घाईने जायचं, एवढंच ती सांगते.

चष्मा करताना

नंबरच्या कागदावर प्रत्येक डोळ्यापुढे तीन आकडे असतात : साधा नंबर, सिलिंडर आणि अक्ष. अक्ष म्हणजे सिलिंडर कोणत्या कोनात बसवायचा त्याचे अंश. हे तिन्ही आकडे लिहिले आहेत का ते पाहा आणि कागदाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

आठवडे बाजारातला तयार चष्मा घेऊ नका. त्यात दोन्ही डोळ्यांना एकच साधा नंबर असतो, सिलिंडर नसतो. जवळचं अक्षर मोठं दिसतं म्हणून बरं वाटतं, पण फिसकटलेलं अक्षर मोठं झालं तरी फिसकटलेलंच राहतं. अण्णांच्या घरीही असा एक चष्मा निघाला.

सिलिंडरचा चष्मा नवा असताना काही दिवस जमीन तिरकी वाटते, पायरी चुकल्यासारखी होते. चार-आठ दिवसांत सवय होते. तोवर विहिरीवर, शिडीवर, माळ्यावर जाऊ नका. दोन आठवड्यांनीही त्रास राहिला, तर चष्मा टाकून न देता दुकानात अक्ष तपासून घ्या. गोल फ्रेममधली काच सैल होऊन फिरली तरी अक्ष बिघडतो.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि दुसऱ्यात मोतीबिंदू तसाच असला, तर अंतराचा अंदाज चुकतो. समोरून येणारा ट्रक किती लांब आहे ते कळत नाही. पुणे-नाशिक रस्ता ओलांडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं आणि दुसरा डोळा डॉक्टर सांगतील तेव्हा करून घ्यावा.

आता कारखान्यात जाणाऱ्या तरुण मुलांविषयी. जाड नंबरचा चष्मा घालवण्यासाठी डोळ्यातलं नैसर्गिक भिंग तसंच ठेवून पुढे लेन्स बसवण्याची शस्त्रक्रिया पिंपरी-चिंचवडच्या पोरांच्या कानावर आली आहे. ती वेगळी, पण हिशेब तोच. सिलिंडरची लेन्स आत फिरली तर धूसर दिसतं आणि पुन्हा सरळ करावी लागते. वेल्डिंग, ग्राइंडिंगवर काम करणाऱ्यांनी हे आधी डॉक्टरांना सांगावं, आणि ऑपरेशननंतरही संरक्षक चष्मा सोडू नये. लोखंडाची किर्च डोळ्यात गेली तर ऐन तिशीतही मोतीबिंदू होतो.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि कंपन्यांना

इथवर शेतकऱ्यांशी बोललो. आता आपल्या, म्हणजे आम्हा कर्मचाऱ्यांच्या आणि गावकारभाऱ्यांच्या चुकीकडे येऊ.

मी विस्तार विभागातला माणूस. उद्दिष्टाचा आकडा काय असतो ते मला चांगलं माहीत आहे. बियाण्याचे किती संच वाटले हे आम्ही लिहितो. किती उगवलं, किती पिकलं, हे लिहायला रकाना नसतो. डोळ्यांच्या शिबिराचंही तसंच झालं आहे. फलकावर लिहिलेलं असतं, "इतकी ऑपरेशनं मोफत." किती जणांना नीट दिसू लागलं, किती जणांच्या नाकावर योग्य चष्मा आला, हे कुठेच नसतं.

जग मात्र आता मोजायची पद्धत बदलतं आहे. २०२१ साली जागतिक आरोग्य परिषदेने २०३० पर्यंतची जी उद्दिष्टं ठरवली, त्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनची नुसती संख्या धरलेली नाही. ऑपरेशननंतर ज्याला चांगलं दिसतं, तोच त्या हिशेबात येतो. चष्म्याचंही तसंच, ज्याला गरज आहे त्याला मिळाला आणि त्याने चांगलं दिसलं, तर तो मोजायचा. आपल्या देशाच्या २०१५ ते २०१९ च्या पाहणीत पन्नाशीच्या पुढच्या लोकांतल्या अंधत्वाचं सर्वांत मोठं कारण मोतीबिंदूच निघालं, सुमारे ६६ टक्के. म्हणजे ऑपरेशनं वाढायलाच हवीत. पण त्याच पाहणीत सुमारे सात टक्के अंधत्व हे मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरच्या गुंतागुंतीतून आलेलं होतं. म्हणजे ऑपरेशननंतरची काळजी हा बाजूला टाकण्यासारखा विषय नाही.

गावाला यात करण्यासारखं बरंच आहे आणि त्याला पैसा फार लागत नाही.

ग्रामपंचायतीत एक साधी वही घाला. रकाने पाच : नाव, कोणता डोळा, ऑपरेशनची तारीख, सहा आठवड्यांची तारीख, चष्मा मिळाला की नाही. आशाताई आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे आपले ग्रामसेवक, यांनी मिळून ती भरावी. तारीख जवळ आली की आशाताईंनी निरोप द्यावा. एका शिबिरातल्या सगळ्यांची तपासणी एकाच दिवशी येते. एक गाडी केली तर दहा जणांचं काम होतं आणि दहा पोरांचे खाडे वाचतात.

शिबिराला जागा आणि परवानगी देतानाच आयोजकांना दोन प्रश्न विचारा : "सहा आठवड्यांची तपासणी कुठे आणि कोणत्या तारखेला?" आणि "चष्मा त्यात आहे का?" उत्तर लेखी घ्या. जे आयोजक तारीख देतात, त्यांना मंडप बांधून द्या. जे देत नाहीत, त्यांना तारीख घेऊन परत यायला सांगा.

२०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्यातला दोन टक्के भाग सामाजिक कामावर खर्च करावा लागतो. चाकण पट्ट्यात अशा पैशातून नेत्र शिबिरं होतात, आणि ती चांगलीच गोष्ट आहे. त्या कंपन्यांना हात जोडून सांगणं आहे : फलकावर ऑपरेशनच्या आकड्याखाली चष्म्याचा आकडाही लिहा. आणि आणखी एक. ज्या म्हाताऱ्याचं ऑपरेशन आपल्या पैशातून झालं, त्याचा मुलगा कदाचित आपल्याच शेडमध्ये कंत्राटावर आहे. सहा आठवड्यांनी बापाला तपासणीला न्यायला त्याला एक दिवसाची भरपगारी सुट्टी द्या. त्या एका दिवसावाचून आधी केलेला सगळा खर्च वाया जाऊ शकतो.

मुलांनीही एक गोष्ट तपासावी. ज्यांचा ईएसआय कापला जातो, त्यांच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही नियमांनुसार त्या योजनेत उपचार मिळतात. चिंचवडला मोहननगरमध्ये ईएसआयचं रुग्णालय आहे. कार्डावर आईवडिलांची नावं घातली आहेत का ते पाहा. बाकीच्यांना पिंपरीचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, औंधचं जिल्हा रुग्णालय, हडपसरजवळ महंमदवाडीचं एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय ही ठिकाणं आहेत. जिथे ऑपरेशन झालं तिथेच आधी जावं हे उत्तम, कारण लेन्सचा नंबर आणि कागद तिथे असतात. पण तिथे जाणं जमत नाही म्हणून घरी बसू नये. कागदांची पिशवी घेऊन जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे जावं.

येत्या ग्रामसभेत ती वही टेबलावर ठेवा. नावं वाचू नका, ती ज्याची त्याची खाजगी गोष्ट आहे. फक्त दोन आकडे वाचा : गेल्या वर्षात ऑपरेशनं किती झाली आणि नंबर तपासून किती जण आले. दोन आकड्यांत जेवढं अंतर, तेवढे अण्णा आपल्या गावात अजून धूसर बघत आहेत.

अण्णांचा कांदा त्या तुकड्यात पुढे निम्माच निघाला. परवा त्यांच्या बांधावरून जाताना हाक आली. चष्मा नाकावर होता, काचा उपरण्याने पुसत होते. म्हणाले, "साहेब, डाव्या डोळ्याचं आता दिवाळीनंतर करायचं म्हणतोय. आणि चिठ्ठीची तारीख पोरानं आत्तापासनंच मोबाईलात घालायची, असं सांगून ठिवलंय."

आपल्या घरातल्या देवळीत, फडताळात, पत्र्याच्या पेटीत अशी एखादी चिठ्ठी पडली आहे का? आज संध्याकाळी काढून बघा. तारीख उलटून गेली असली तरी हरकत नाही. चष्म्याचा नंबर काढायला उशीर झाला म्हणून कोणी परत पाठवत नाही.